हुंदकेबुवा

ताईचा फोन आला तेव्हा त्याच्या हातात एका अनोळखी माणसाचा खालचा जबडा होता. प्लास्टरचा, नुकताच साच्यातून सुटलेला, अजून कोमट. "बाबा गेले रे," ताई म्हणाली, "मी चहा घेऊन खोलीत गेले तर..." त्याने जबडा टेबलावर ठेवला, नीट, कडेला धक्का लागणार नाही असा, आणि मग त्याचा उजवा हात वर आला. चार बोटं ओठांवर, अंगठा गालाच्या हाडापाशी. खांदे आत गेले. मान किंचित डावीकडे कलली आणि डोळे वर गेले, समोरच्या माणसाच्या डोक्यावरून, भिंतीवर जिथे काहीच नव्हतं तिथे. समोरचा माणूस म्हणजे कवळ्यांच्या दुकानाचे मालक. ते भिंगाखाली एक दात घासत बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा," ते म्हणाले, "आज इथेच का? अगदी व्हिडिओतल्यासारखं." मग त्यांना फोन दिसला, फोनमधून येणारा ताईचा आवाज ऐकू आला, आणि ते गडबडीने उठताना त्यांच्या मांडीवरची दातांची डबी खाली पडून सगळे दात फरशीवर विखुरले. "माफ कर रे बाबा," ते खाली वाकून दात गोळा करत पुन्हापुन्हा म्हणत राहिले, "मला वाटलं तू गंमत करतोयस." तोही त्यांच्याबरोबर खाली बसला. टेबलाखाली एक सुळा होता, कोपऱ्यात दोन दाढा. गोळा करताना त्याच्या मनात आलं की बाबा गेल्याचं कळायच्या आधी हाताला कळलं. आणि त्याहून वाईट म्हणजे हात वर जात असताना, त्या एवढ्याशा क्षणात, खिडकीतून उजव्या गालावर पडणारा उजेड चांगला आहे हेही त्याला जाणवलं होतं.

लोक त्याला हुंदकेबुवा म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते त्याला माहीत नव्हतं. 'दूरयात्री' नावाची एक मालिका होती, घरी परतायची वाट हरवलेल्या एका यानाची, आणि ती इतकी वर्षं चालली होती की पहिल्या भागात यानावर जन्मलेली मुलगी आता यानाची कप्तान झाली होती. या मालिकेचा नवा भाग आला की तो कॅमेऱ्यासमोर बसून तो भाग बघायचा. बस्, एवढंच. पडद्यावर काय चाललंय ते दिसायचं नाही, फक्त त्याचं तोंड दिसायचं. लोक आपापल्या घरी आधी भाग बघत आणि मग तो भाग बघणाऱ्या त्याला बघत. आपल्याला जिथे वाईट वाटलं तिथे बुवांनाही वाटतंय का हे बघून त्यांना बरं वाटायचं. दिवसभर तो दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या ठशांवरून कवळ्या घडवायचा, ज्यांना कधी भेटणार नाही अशा माणसांची तोंडं त्याच्या हाताखालून जायची, आणि ज्यांना तो कधी भेटणार नव्हता अशा माणसांच्या घरात त्याचं तोंड जायचं. ही तुलना त्याने स्वतः कधी केली नव्हती. ती जाड्याने केली होती, आणि चॅनलच्या पहिल्या पानावर लिहूनही टाकली होती. जाड्या त्याचा शाळेपासूनचा मित्र. शाळेत जाड होता म्हणून जाड्या, आता काडीसारखा झाला तरी जाड्याच. व्हिडिओ कापणं, जोडणं, लोकांना उत्तरं देणं, सगळं तोच बघायचा.

बाबांचं सगळं आटोपून तो आणि बायको घरी आले तेव्हा संध्याकाळ उतरत होती. थोरामोठ्यांनी पाठीवर हात फिरवले, मेहुण्यांनी गाडीतून सोडलं, बायकोने दार उघडून आधी स्वयंपाकघरातला दिवा लावला. ती त्याच्याजवळ आली आणि तिने त्याला जवळ घेतलं. तिच्या केसांना पोहण्याच्या तलावाचा ओला, औषधी वास होता, कामावरून तशीच धावत आलेली होती. त्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. आता येईल, त्याला वाटलं. आणि तो जरासा वळला. फक्त जरासा, पाऊलभरही नाही, दिव्याच्या बाजूला. बायको थांबली. तिचे हात त्याच्या पाठीवर होते तिथेच राहिले, पण त्यांच्यातलं काहीतरी निघून गेलं.

"हे नको," ती म्हणाली.

"हे म्हणजे?"

"हेच. आत्ता केलंस ते." मग तिलाच ओशाळं वाटलं. "असू दे. रड तू. कसंही रड."

पण आता कसंही म्हणजे कसं, ते त्याला आठवेना. तो तिथेच उभा राहिला, फ्रिज घुरघुरत होता, आणि त्याला आपला चेहरा जड वाटत होता, कुणाचा तरी सांभाळायला घेतलेला असावा तसा.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या उंच इमारतींत माणसं अडकली की त्यांना बोलावणं यायचं. लहानपणी एकदा सुट्टीच्या दिवशी ते त्याला बरोबर घेऊन गेले होते. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबलेली, आतून दारावर हात आपटण्याचे आवाज, कुणी बाई रडत होती. बाबांनी फटीला तोंड लावून सांगितलं, "दार ढकलू नका. हवा भरपूर आहे. मी वर जातोय, आवाज येईल, घाबरू नका." त्या आवाजात ना घाई होती ना दिलासा. आपटणं थांबलं. घरीही त्यांचा आवाज तसाच. आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही, तेव्हा तो सहावीत होता, ताई कॉलेजात. बाबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि सांगताना ते नखात अडकलेलं ग्रीस दुसऱ्या नखाने काढत होते. ते रडले नाहीत. निदान या दोघांनी पाहिलं नाही. त्याच वर्षी 'दूरयात्री' सुरू झाली. बाबा कामावरून यायचे, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि जुन्या खुर्चीत बसायचे, तो त्यांच्या पायाशी खाली. यानात आग लागो, कुणी अवकाशात भरकटत जावो, बाबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. भाग संपला की म्हणायचे, "बरं होतं." फार आवडला तर म्हणायचे, "आज बरं होतं." त्या एका 'आज'साठी तो आठवडाभर वाट बघायचा. कोणत्या प्रसंगाने तो मिळेल याचा अंदाज बांधायचा, आणि पडद्याकडे कमी, मान वळवून वर बाबांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघायचा. एवढ्या वर्षांत त्याला काही सापडलं नाही. तो चेहरा म्हणजे बंद दार होतं, आणि दारामागे मात्र हवा भरपूर असावी असं त्याला नेहमी वाटायचं.

मग तो भाग आला ज्यात वैद्यबाई गेल्या. यानावरच्या म्हाताऱ्या डॉक्टर, खडूस, सगळ्यांना रागावणाऱ्या, चाहते त्यांना वैद्यबाईच म्हणत. तोवर तो कामाला लागला होता, लग्न ठरायचं होतं. जाड्याने कुठेतरी पाहिलं होतं की लोक भाग बघताना स्वतःचं चित्रण करून टाकतात. गंमत म्हणून त्याने पुस्तकांच्या ढिगाला फोन टेकवला आणि बसला. बाबांची खुर्ची त्या दिवशी फोनच्या मागे, भिंतीशी होती, टीव्ही तिरका करून ठेवलेला. वैद्यबाई खाटेवर पडल्या होत्या आणि शेजारच्या मदतनिसाला म्हणत होत्या, पाठीखाली चादर चुरगळलीय, जरा सरळ कर. तो वाकून चादर ओढायला लागला, आणि त्याचं ओढून होईपर्यंत त्या गेल्या होत्या. संगीत नाही, काही नाही. चादर मात्र सरळ झाली होती. त्याला वाईट वाटलं, पण तितकंच. सवयीने त्याने वर बघितलं, फोनच्या वर, बाबांकडे. बाबांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्यांचं तोंड उघडं होतं, ओठ एका बाजूला ओढले गेले होते, रडायचं कसं हे ज्याला कधी कुणी शिकवलं नाही अशा माणसाचं तोंड. आवाज येत नव्हता. ते आईसाठी होतं, त्याला कळलं, इतक्या वर्षांनी ते आत्ता, इथे, एका मालिकेतल्या चादरीवरून बाहेर येत होतं. आपण बघतोय हे बाबांना कळू नये म्हणून त्याला नजर काढून घ्यायची होती आणि काढता येत नव्हती. त्याचा हात ओठांवर गेला. आणि तो असा फुटला की फोन पुस्तकांवरून घसरून पडेपर्यंत त्याला भान राहिलं नाही.

लोकांना हे माहीत नव्हतं. लोकांना फक्त तो दिसला. एक साधासा माणूस वैद्यबाईंसाठी असा रडतो आणि रडताना वर बघतो, जणू आकाशाकडे. 'वर बघणं' प्रसिद्ध झालं. त्यावर लेख आले, कुणी लिहिलं की त्या नजरेत अनंताचा शोध आहे. बाबांनी चष्मा लावला होता, "बरं होतं" म्हणून तोंड धुवायला गेले होते, आणि पुढे काही दिवसांनी व्हिडिओचा गाजावाजा त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मी दिसतो का त्यात?"

"नाही, बाबा."

"बरं."

या विषयावर त्यांचं बोलणं झालं ते इतकंच. पुढच्या भागाला जाड्या खरा कॅमेरा घेऊन आला, दिवा घेऊन आला. बाबांच्या खुर्चीचा आवाज चित्रणात यायचा. जाड्याने अगदी अदबीने सांगितलं, "काका, खुर्ची जरा वाजते." बाबा म्हणाले, "तुझं चालू दे," आणि आतल्या खोलीत गेले. पुढे गुडघे धरले म्हणून ताईकडे राहायला गेले, तिचं घर तळमजल्यावर होतं. खुर्ची गेली तिथे भिंत उरली. तो कॅमेऱ्यासमोर बसला की वर बघायचा, कारण लोक त्या बघण्याची वाट बघत. भिंतीवर एक बारीकशी भेग होती. वर्षानुवर्षं तो त्या भेगेकडे बघून रडला, आणि रडू येतही होतं, खोटं होतं असं त्याला म्हणता आलं नसतं. नळ उघडला की पाणी येतं, ते काही खोटं पाणी नसतं.

मालिका बंद पडली, तो कॅमेऱ्यासमोर जुनेच भाग पुन्हा बघत राहिला, मध्ये बरीच वर्षं गेली, आणि आता नवे भाग यायचे होते. दर शनिवारी दुपारी एक भाग. पहिल्याच भागात वैद्यबाई परत येणार अशी बातमी फुटली होती आणि चाहत्यांमध्ये दोन तट पडले होते. एक म्हणत, मेलेल्या माणसाला उठवून मालिकेची वाट लावली, आमच्या रडण्याला मग अर्थ काय राहिला. दुसरे म्हणत, ज्यांना नको त्यांनी डोळे मिटून बसावं, आम्हाला आमच्या बाई हव्यात. दोन्ही तट त्याच्याकडे बघत होते. 'बुवा, टॉवेल घेऊन बसा.' 'बुवा, तुम्ही रडलात तर आम्ही मानू.' आदल्या रविवारी त्याने बाबांना फोनवर सांगितलं होतं, "बाबा, वैद्यबाई परत येतायत." बाबा म्हणाले, "कशाला? गेली होती ना ती नीट." तेच त्यांचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन.

बुधवारी जाड्या आला. म्हणाला, "या शनिवारी नको बसूस. मी लिहून टाकतो, घरी अडचण आहे म्हणून."

"बाबांचं काही लिहू नकोस."

"लोक समजून घेतील रे."

"समजून घेतील म्हणजे बघतील," तो म्हणाला.

जाड्याला ते नीट कळलं नाही, पण त्याने मान हलवली. जाड्या गेल्यावर त्याने एक गोष्ट करून पाहिली. कॅमेरा नाही, दिवा नाही, एकट्याने मालिकेचा एक जुना भाग लावला, अगदी साधा, ज्यात कुणी मरत नाही. आणि त्याच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक वर्षांत त्याने एकही भाग असा पाहिला नव्हता. पडद्यावर माणसं बोलत होती आणि ती काय बोलतायत ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. पोचत होतं ते फक्त, इथे हसायचं, इथे पुढे झुकायचं, इथे डोळे बारीक करायचे. टीव्हीच्या काळ्या कडेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, पुढे झुकलेलं. त्याने टीव्ही बंद केला तर काळ्या पडद्यावर ते पूर्णच दिसायला लागलं. मग तो उठून खोलीभर फिरला. घर तसं मोठं होतं, तरी भिंती आज जवळ आल्यासारख्या वाटत होत्या.

गुरुवारी तो ताईकडे बाबांचे कपडे आवरायला गेला. दुपारची वेळ, मेहुणे कामावर गेलेले. बाबांचे शर्ट सगळे एकाच रंगाचे, फिकट राखाडी, कोपराशी विरलेले. ताई घडी घालत होती, तो पिशवीत भरत होता. मध्येच ताई म्हणाली, "तुझे सगळे बघायचे हं ते."

"काय?"

"व्हिडिओ. टीव्हीवर लावून द्यायला सांगायचे. आवाज बंद करून. मी म्हणायचे, अहो बाबा, आवाज तरी ठेवा, तर म्हणायचे, कशाला, तोंड दिसतंय ना." ती हसली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण हसू तिचं नेहमीचंच होतं. रडू आणि हसू दोन्ही तिच्याकडे न बोलावता येत होतं, आणि हे बघून त्याला तिचा हेवा वाटला. "शेवटी शेवटी मात्र बघेनासे झाले होते."

"का?"

ताईने शर्टाची बाही सरळ केली. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, आणि दुखवायचं म्हणून बोलणाऱ्यातलीही नव्हती. "एकदा म्हणाले, हा आता आधी रडतो, मग बघतो."

त्याने शर्ट पिशवीत ठेवला. पुढचा घेतला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी एकसारखी पीं पीं वाजत होती. हा आता आधी रडतो, मग बघतो. बाबांच्या आवाजात ते त्याला स्पष्ट ऐकू आलं, ना राग, ना दिलासा, फटीला तोंड लावून सांगितल्यासारखं. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. बंद आवाजातल्या त्या तोंडाकडे ते ताईच्या खोलीतून बघत असतील आणि तो आपल्या घरात भेगेकडे बघत असेल, आणि दोघांच्या मध्ये लाखो माणसं. "राग आला का तुला?" ताईने विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि त्याच वेळी त्याला जाणवलं की हात वर यायला निघालाय. त्याने तो पिशवीच्या बंदात अडकवून ठेवला.

संध्याकाळी त्याने जाड्याला फोन करून सांगितलं की शनिवारी बसतो. का ते त्याला सांगता आलं नसतं. बाबांनी ज्याला 'कशाला' म्हटलं होतं ते बघून त्यांना सांगायचं होतं, असं काहीतरी. किंवा एकदा तरी आधी बघायचं होतं. जाड्या म्हणाला, मग थेटच करू, लोकांसमोर, कापाकापी नको. तो हो म्हणाला.

शनिवारी दुपारी पडदे ओढले, दिवा लागला. कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या पडद्यावर लोकांच्या ओळी खालून वर सरकायला लागल्या. 'आले बुवा.' 'बारीक झालेत का?' 'आज पूर येणार.' जाड्या दाराशी उभा होता. भाग सुरू झाला आणि त्याने ठरवलं त्याप्रमाणे दोन्ही हात मांड्यांखाली घातले. चेहरा मोकळा सोडायचा, त्याने स्वतःला सांगितलं होतं. पण मोकळा सोडला की तो आपल्या जुन्या वाटेने चालायला लागायचा, भुवया उचलल्या जायच्या, ओठ विलग व्हायचे. म्हणून त्याने तो धरून ठेवला. धरून ठेवणं इतकं कठीण असेल असं त्याला वाटलं नव्हतं. गालाच्या आतून काहीतरी सारखं ढकलत होतं.

वैद्यबाई आल्या. तरुण झालेल्या, कुठल्याशा साठवून ठेवलेल्या पेशींमधून पुन्हा घडवलेल्या, तोच चेहरा, सुरकुत्या नसलेला. यानावरची सगळी माणसं रांगेने उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. म्हातारा झालेला चालक, ज्याच्याशी त्यांचं आयुष्यभर भांडण होतं, पुढे झाला. "मला ओळखलंत?" त्याने विचारलं. त्यांनी नीट निरखून पाहिलं, अगदी सभ्यपणे. "नाही," त्या म्हणाल्या. "ओळखायला हवं होतं का?"

त्याने ते ऐकलं. ओळी सरकत होत्या, दिवा तापला होता, आणि तरी त्याने ते ऐकलं, लहानपणी खाली बसून ऐकावं तसं. गेली होती ना ती नीट. बाबांना हेच म्हणायचं होतं. परत येणारं माणूस आपलं नसतं, आपलं माणूस गेलेलंच असतं, नीट, चादर सरळ होईपर्यंत. सोमवारी सकाळी ताई चहा घेऊन खोलीत गेली तेव्हा बाबांच्या अंगावरचं पांघरूण कसं होतं, हे त्याने विचारलंच नव्हतं. आणि आता पोटातून ते आलं. नळाचं नव्हे, दुसरंच, खोल, काळं, आवाज नसलेलं, आणि ते वर चढत गळ्यापर्यंत आलं आणि थांबलं, कारण बाहेर पडायला एकच दार होतं आणि त्या दारावर हुंदकेबुवा उभे होते. सोडलं असतं तर हात वर गेला असता, मान कलली असती, आणि हे रडणंही त्या सगळ्या रडण्यांसारखंच दिसलं असतं. बाबा गेल्याचं रडणं तो वैद्यबाईंच्या नावावर जाऊ देणार नव्हता. बाबांना रडताना बघून तो रडला तेव्हा एकदा ते झालं होतं. म्हणून त्याने दात आवळले आणि समोर बघत राहिला. वर बघितलं नाही.

'बुवा हलत नाहीत.' 'नेट गेलं का?' 'माझ्याकडे अडकलंय, कुणाकडे चालू आहे?' 'सगळ्यांकडेच अडकलंय.' 'जाड्याभाऊ, बघा जरा.' जाड्या दाराशी हातवारे करत होता, पापणी मिटून दाखवत होता, हल, जरा हल. 'नाही, पापणी हलली. चालू आहे.' 'मग हे काय करतायत?' 'बघण्यासारखं काही नाही, मी चाललो.' भाग संपला, नावं आली, आणि तो तसाच बसून राहिला. शेवटी जाड्यानेच पुढे येऊन कॅमेरा बंद केला. "बरं वाटत नाहीये का?" त्याने विचारलं. त्याला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं तर काय होईल याची खात्री नव्हती, म्हणून त्याने नुसती मान हलवली.

जाड्या हिरमुसून गेला. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता. बाबांची बातमी कुणीतरी फोडली होती, दुकानात ठसे आणून देणाऱ्या कुणा माणसाने असावी. आणि मग कुणीतरी त्या न हलणाऱ्या चेहऱ्याचा तुकडा कापून खाली लिहिलं होतं की याचे वडील याच आठवड्यात गेले. आता तो तुकडा सगळीकडे फिरत होता. जे निघून गेले होते ते परत येऊन माफी मागत होते. 'दगडबुवा' असं नवं नाव पडलं होतं. लोकांचं म्हणणं होतं की दोन्ही तटांचं उत्तर त्या चेहऱ्यात आहे. "आणि एक बघ," जाड्या म्हणाला, आणि जाड्याने पाठवलेलं त्याने उघडलं. माणसं आपापल्या खोल्यांत बसून त्याचा चेहरा बघत होती आणि बघतानाचं स्वतःचं चित्रण करत होती. एक मुलगी होती, त्याच्या ओळखीची नसलेली, कुठल्यातरी खोलीत, मागे कपडे वाळत घातलेले. ती बघत होती, आणि मग तिचा हात वर आला, चार बोटं ओठांवर, अंगठा गालाच्या हाडापाशी. तिचे डोळे वर गेले, कॅमेऱ्याच्या वर. तिथे तिला काय दिसत असेल, भिंत, किंवा माळा, किंवा काहीच नाही. बाबांना बघायची त्याची ती नजर आता तिच्याकडे होती, आणि तिला माहीत नव्हतं ती कुणाला शोधतेय.

"पुढच्या शनिवारी," जाड्या सांगत होता, "अगदी तसंच. काही म्हणजे काही करू नकोस. जमेल ना?"

आठवडाभर बायको त्याला बघत राहिली. तो जेवायचा, कामावर जायचा, साचे ओतायचा. मालक त्याच्याशी हळू आवाजात बोलत. तो दुकानातल्या आरशासमोरून जाताना वळून बघत नसे. शुक्रवारी सकाळी बायको म्हणाली, "चल माझ्याबरोबर. पाण्यात उतर थोडा वेळ. तिथे कुणी काही विचारत नाही." ती पोहायला शिकवायची, शहरातल्या एका बंदिस्त तलावात, जिथे छपराच्या काचांतून उजेड पाण्यावर पडायचा आणि सगळे आवाज मोठे होऊन परत यायचे. त्याला टोपी घालायला लागली, घट्ट, रबराची. ती पलीकडच्या टोकाला तिच्या शिकवणीला गेली आणि तो शिडीवरून उतरला. पाणी गार होतं. त्याने काठाचा दांडा धरला, श्वास घेतला आणि खाली गेला.

खाली आवाज नव्हता. निळसर फरशा, दुरून येणारे कुणाचे तरी पाय. त्याने चेहरा सोडून दिला. इथे तो जाऊ शकत होता, जुन्या वाटेने किंवा नव्या, कुणी बघत नव्हतं, त्यालाही दिसत नव्हता. ओठ ओढले गेले, एका बाजूला, हे त्याला जाणवलं. तोंडातून बुडबुडे निघाले. हे ते होतं का? की फक्त हवा जात होती? पाण्यात पाणी मिसळतं तेव्हा कळत नाही. अजून थोडं, त्याने स्वतःला सांगितलं, अजून थोडं थांबलो तर होईल. पण छाती ऐकेना. तो वर आला, दांडा पकडून धापा टाकत राहिला, आणि डोळ्यांतलं पाणी निथळल्यावर त्याला काठावर एक बाई दिसल्या. वयस्कर, अंगाला टॉवेल गुंडाळलेला, चेहरा मायाळू.

"तुम्हीच ना ते?" त्या वाकून म्हणाल्या. "वडिलांचं ऐकलं. फार वाईट झालं. मी तुम्हाला पहिल्यापासून बघते, वैद्यबाई गेल्या तेव्हापासून." त्या जरा लाजल्या. "विचारू नये, पण एकदा ते करून दाखवाल? दगडाचं?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं होतं, किंवा हो म्हणून विषय संपवायचा होता, किंवा ओरडायचं होतं, आणि यातलं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. तोंडावरून पाणी ओघळत होतं. पलीकडच्या टोकाला बायको कुणाला तरी हात कसा मारायचा ते दाखवत होती, तिची पाठ इकडे होती. बाईंचे डोळे भरून आले.

"अगदी तसंच," त्या हळूच म्हणाल्या, आणि मागे वळून कपडे बदलायच्या खोलीकडे हाक मारली, "अगं, लवकर बाहेर ये. ते करतायत."

खोलीतून आवाज आला, आले आले. तो गळ्यापर्यंत पाण्यात, दांडा धरून, ती येईपर्यंत तसाच उभा राहिला.